सेहेचाळीस काळ्या बिया

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही वही खरं तर लॅबची. प्रत्येक पानावर रकाने छापलेले आहेत: डॉक्टर, पेशंट, दाताचा क्रमांक, रंगाची छटा. शेवटच्या दिवशी माझी हत्यारं खोक्यात भरताना तीही आत गेली. कोरीच होती, कुणी परत मागितली नाही. आता रकाने ओलांडून लिहितोय.

बावीस वर्षं मी दात केले. कवळ्या, कॅप, पूल. या शहरातले कितीतरी लोक माझ्या दातांनी हसतात आणि त्यांना मी माहीतही नाही. मग मशीन आलं. कॉम्प्युटरवर चित्र काढलं की ते आतल्या आत दात कोरून बाहेर टाकतं. मालक चांगला माणूस. त्यांनी मशीन दाखवलं, चहा पाजला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात ठेवला तेव्हाच मी समजलो.

आज अठरावा दिवस. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालतो, बूट घालतो, आणि मग जायचं कुठेच नसतं म्हणून बूट काढतो. ही, म्हणजे माझी बायको, चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासते. कामाला निघताना ती माझ्या बुटांकडे बघून गेली.

संध्याकाळी म्हणाली, "परवा आई येतेय. तिच्या बाथरूमचं काम निघालंय. महिनाभर तरी राहील."

सासूबाई आजवर कुणाकडे दोन दिवसांच्या वर राहिलेल्या नाहीत. पण बाथरूमपुढे कोण काय करणार!

बुधवार, ५ फेब्रुवारी

सासूबाई आल्या. एक लहान बॅग कपड्यांची आणि एक भलंमोठं पोतं. मला वाटलं, धान्य. उघडलं तर आत लाकडी कणसं! मक्याच्या कणसाएवढी, पण करडी, खरखरीत, आणि अंगभर मिटलेले ओठ असावेत तशा फटी. सोबत शेंगांची एक पिशवी, आणि बटणांसारख्या बोंडांनी लगडलेल्या काड्यांची दुसरी.

"बँक्सिया," कणीस हातात देत त्या म्हणाल्या. "शेंगा वॅटलच्या, म्हणजे आपल्या बाभळीची तिकडची चुलत बहीण. आणि ही बोंडं बॉटलब्रशची. सगळी ऑस्ट्रेलियाची झुडपं. आमच्याकडच्या सरकारी बागेत जुनी झाडं आहेत, तिथल्या मुख्य माळीणबाईंनी दिलं."

सासूबाई बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत होत्या. टीपकागदावर शंभर दाणे मांडायचे, किती उगवले ते मोजायचे, असं चौतीस वर्षं. त्यामुळे हौस समजू शकतो. पण शहात्तराव्या वर्षी, दुसऱ्याच्या घरी, गॅलरीत?

"करायचं तर खूप आहे हो," त्या म्हणाल्या, "पण माझी नजर आता बारीक कामाची राहिली नाही. गुडघेही वाकत नाहीत. तुम्हाला वेळ असेल तर..."

वेळ! माझ्याकडे दुसरं आहे काय.

नंतर हिला म्हटलं, आईंचे डोळे एकदा तपास की. म्हणाली, "तपासलेत, मागच्याच महिन्यात." आणि भांडी घासायला वळली. नंबर किती निघाला ते विचारायचं राहून गेलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज आम्ही कणसं भाजली. चक्क ओव्हनमध्ये, एकशे वीस अंशांवर, पाऊण तास.

मला हे पटेचना. ज्यातून रोप काढायचं ते भाजायचं? सासूबाई म्हणाल्या, "त्यांच्या रानात वणवा लागतो. वणव्यात झुडूप जळून जातं. मग राखेवर पडायला बी हवं ना? म्हणून वर्षानुवर्षं हे कणीस तोंड मिटून बसतं. आच लागल्याशिवाय उघडतच नाही."

ओव्हनसमोर दोन खुर्च्या टाकून बसलो. अर्ध्या तासाने आतून 'टक' असा आवाज आला. मग आणखी एक. काचेतून बघतो तर एकेक ओठ उघडत होता. मी आयुष्यभर भट्टीत दात भाजले, पण भट्टीत काही जिवंत ठेवून बसलेलो आजच. मग कणसं पाण्यात बुडवली, वाळवली, आणि माझ्या खोक्यातला बारीक चिमटा काढला. प्रत्येक फटीत लाकडाची एक पातळ चकती, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक काळी बी, पंखासकट. ओढली तर पंख तुटतो. थोडं डावीकडे कलवून उचललं की अलगद येते, अक्कलदाढेच्या साच्यातून मेण सोडवावं तशी. तीन तास मान वर केली नाही.

सासूबाई दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "सेहेचाळीस."

मी मोजल्या. सेहेचाळीस! तेवढ्या लांबून, त्या कमजोर डोळ्यांनी. चौतीस वर्षांचा सराव म्हणतात तो हा.

बुधवार, १२ फेब्रुवारी

वॅटलच्या बियांवर उकळतं पाणी ओतून रात्रभर ठेवलं होतं. ज्या फुगल्या त्या पेरल्या, ज्या नाही फुगल्या त्यांना पुन्हा उकळतं पाणी. कवच इतकं टणक की साध्या पाण्याला दाद देत नाही. बॉटलब्रशची बोंडं कागदी पाकिटात ठेवली होती. वाळून उघडली आणि तळाशी तपकिरी पूड साचली. ती पूड म्हणजेच बी. श्वास सोडला तर उडते. वाळूत मिसळून पेरली.

बँक्सिया कालच पेरली. जाड वाळू आणि थोडं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, दुसरं काही नाही. पाणी वरून घालायचं नाही. ट्रे परातीत ठेवायचा, पाणी खालून वर चढतं.

आज बूट घालायचे विसरलो. दुपारी लक्षात आलं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

वॅटल उगवली. अकरा रोपं. पहिली पानं पिसासारखी. सासूबाई सांगतात की पुढे हीच रोपं ही पानं सोडून देतील आणि देठच चपटा करून त्याचं पान करतील. वय वाढलं म्हणून माणूसही इतका बदलत नाही.

बँक्सिया: काही नाही.

रविवार, २ मार्च

बॉटलब्रशच्या ट्रेवर हिरवी साय धरलीय. खरंच साय. भिंगातून पाहिलं तर शेकडो रोपं, प्रत्येकाला टाचणीच्या डोक्याएवढी दोन पानं. मी दिवसातून पाच वेळा फवारा मारतो. सासूबाई एकदा म्हणाल्या, "पुरे हो." पण एवढ्याशा जिवाला तहान तर लागत असेलच.

गुरुवार, ६ मार्च

सगळं गेलं. सकाळी ट्रे बघितला तर रोपं मुळाशी काळी पडून आडवी झालेली. मर लागली. ओल जास्त झाली की बुरशी येते आणि एका रात्रीत गवत कापल्यासारखं करून टाकते. सासूबाईंनी आणलेल्या पुस्तकात लिहिलंय. मी वाचलंही होतं.

म्हणजे हेही मला येत नाही.

मंगळवार, ११ मार्च

तीन-चार दिवस लिहिलं नाही. उठलोच नाही. ही कामावर जाताना पडदा सरकवायची आणि मी परत ओढायचो. सासूबाई आत आल्या नाहीत, धीर द्यायला बसल्या नाहीत. त्याचा मला जरा रागच आला होता.

आज सकाळी बाहेरून हाक आली, "जावईबापू, माझी पाठ धरलीय. अजिबात हलता येत नाही. वॅटलना पाणी कोण देणार?"

उठावंच लागलं. त्या खुर्चीत ताठ बसलेल्या, चेहरा वेदनेने अगदी ओढलेला. गॅलरीत गेलो तर ट्रेचं लोखंडी स्टँड उन्हाच्या कोपऱ्यातून सावलीच्या कोपऱ्यात आलेलं. काल रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा ते तिथे नव्हतं. ते उचलायला मला दोन्ही हात लागतात. म्हणजे पाठ धरलेली असताना या बाईंनी ते एकटीने हलवलं! मी आपला फवाऱ्याच्या दुःखात चार दिवस पांघरुणात. शरम वाटली.

पाणी दिलं. बॉटलब्रशची पूड अजून शिल्लक होती, ती पुन्हा पेरली. या वेळी विरळ.

संध्याकाळी त्यांची पाठ एकदम बरी झाली. कोणतंही मलम न लावता.

रविवार, २३ मार्च

आज चाळिसावा दिवस. मी ठरवलं होतं की बँक्सियाचा ट्रे रिकामा करायचा. सासूबाई म्हणाल्या, "करा. पण आधी भिंगातून एकदा बघा, मला काही दिसत नाही."

बघितलं. कोपऱ्यात वाळू तडकली होती. भेगेतून काहीतरी फिकट, जाड, वाकलेलं, जडसं ओझं डोक्यावर घेऊन उठावं तसं. दुपारभरात त्याने मान सरळ केली असावी, कारण संध्याकाळी बघतो तर दोन जाड पानं उघडी आणि काळं टरफल एका पानाच्या टोकाला टोपीसारखं अडकलेलं.

मी ओरडलो. सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. धावत! आनंदात माणूस गुडघेही विसरतो.

"टोपी काढू का?" मी विचारलं.

"नको. ती त्याची त्याला काढू दे."

आम्ही दोघं कितीतरी वेळ तिथे उभे होतो. वणव्यासाठी थांबून राहिलेलं बी, आमच्या ओव्हनला वणवा समजून उठलं. त्याच्या भाबडेपणाचं कौतुक करावं की हिमतीचं, कळेना.

शनिवार, १९ एप्रिल

बँक्सियाची एकतीस रोपं! सेहेचाळीसपैकी एकतीस. सासूबाई म्हणतात, त्यांच्या प्रयोगशाळेत एवढी उगवण झाली तर गहू नापास व्हायचा, पण बँक्सियाला हे पहिला वर्ग.

आज बॉटलब्रशची रोपं सुटी केली. एकेक रोप बोटाच्या पेरापेक्षा लहान, मूळ केसासारखं. सासूबाईंनी बर्फाच्या कांडीची काडी दिली होती. मी माझा मेणाचा चाकू घेतला. बावीस वर्षं याच्याने दातांच्या खाचा कोरल्या. टोक मुळाखाली घालायचं, वाळूसकट उचलायचं, पान बोटांत धरायचं, देठ कधीच नाही. एकशे बारा रोपं लावली. एकही मोडलं नाही.

सासूबाई समोर बसून बघत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "चौतीस वर्षं प्रयोगशाळेत काढली मी. असे हात पाहिले नाहीत."

त्या उगाच कौतुक करणाऱ्यातल्या नाहीत. आमचं लग्न ठरवतानाही त्यांनी माझ्याबद्दल एवढंच म्हटलं होतं की मुलगा वेळेवर येतो. म्हणून वाक्य जसंच्या तसं इथे लिहून ठेवतोय.

बाथरूमचं काम अजून चाललंय म्हणे. अडीच महिने! काय गवंडी असतात एकेक.

शनिवार, १४ जून

बँक्सियाला काहीतरी झालंय. नवी पानं पिवळी, टोकं भाजल्यासारखी. पाणी जास्त नाही, ऊन जास्त नाही. सात रोपं तर पार वाळली. सासूबाई दोन दिवस गॅलरीत येऊन उभ्या राहतात आणि परत जातात.

सोमवार, १६ जून

वाळलेल्यांतलं एक रोप खोक्यात घालून बसने सरकारी बागेत गेलो. दीड तास. मुख्य माळीणबाई म्हणजे मातीत कोपरापर्यंत हात, डोक्यावर टोपी, आवाज खणखणीत. रोप बघितलं, उपटलं, मुळं धुतली, आणि म्हणाल्या, "खत कोणी घातलं?"

म्हटलं, कोणीच नाही.

"हाडांचं खत घातलंय. हे बघा पांढरे कण. अहो, ही झाडं उपाशी मातीतली. त्यांच्या मुळांना अशा झुपक्यांची जावळं येतात, मातीतलं कणभर स्फुरद, म्हणजे फॉस्फरससुद्धा खेचून घेतात. त्यांना पोटभर घातलं की तेच विष होतं. उरलेली सोडवा, मुळं धुवा, कोऱ्या वाळूत लावा. दोन दिवसांत."

मग त्याच मुळांकडे पुन्हा बघून विचारलं, "हे लावलंय कोणी? मूळ जरासुद्धा मुडपलेलं नाही."

मी म्हटलं, मी. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "माझ्याकडे चार जण आहेत. चौघेही मुळं मुडपतात," म्हणाल्या.

परत येताना बसमध्ये विचार करत होतो. खत मी घातलं नव्हतं. हिला तर कुंडी आणि बादली सारखीच. सासूबाईंच्या गुलाबांना मात्र दर उन्हाळ्यात हाडांचं खत मिळतं, हे मला माहीत आहे.

घरी त्या दारातच होत्या. "काय म्हणाल्या?"

"पाणी," मी म्हटलं. "माझ्याकडून जास्त झालं."

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. "जावईबापू, खत मी घातलं. तुम्ही झोपलेले असताना, दुपारी. वाटलं, एवढी चिकाटीने आलीत, दोन घास जास्त मिळू देत. उगाच खोटं बोलू नका, तुम्हाला जमत नाही ते."

"आई, तुम्ही तरी आयुष्यात कधी खोटं बोलला असाल का?"

ही पाणी पीत होती. तिला असा ठसका लागला की पाठीवर थापटावं लागलं.

सासूबाई हसल्या नाहीत. खोलीत गेल्या.

बुधवार, १८ जून

सासूबाई जेवल्या नाहीत. कपड्यांची बॅग पलंगावर उघडी. हिला म्हणाल्या, "चौतीस वर्षं लोकांच्या बिया नापास केल्या मी. आणि स्वतः हे केलं. आता माझा हात कशाला लागू नये."

त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. खांदे पडलेले, केस न विंचरलेले, खरोखरच म्हाताऱ्या दिसत होत्या. पाठ धरली होती तेव्हाही अशा दिसल्या नव्हत्या.

समजूत घालायला मला येत नाही. दारात उभा राहून जे खरं होतं तेच सांगितलं: "आई, चोवीस रोपं उरलीत. प्रत्येकाची मुळं धुवायची, वाळू धुवायची, लावायची. मी एकटा करत बसलो तर आज संपणार नाही आणि उद्यापर्यंत आणखी मरतील. मला एकट्याला जमणार नाही."

त्या बसून राहिल्या. मी परत गॅलरीत येऊन वाळू धुवायला लागलो. दहा मिनिटांनी शेजारी स्टूल सरकल्याचा आवाज आला. त्यांनी बाह्या वर केल्या, पहिलं रोप उचललं, पाण्यात धरलं आणि सुईने मुळांतले पांढरे कण एकेक करून काढायला लागल्या. न चष्मा, न भिंग. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं तेच करत होतो. ही मध्ये येऊन दोघांच्या तोंडात बिस्किटं घालून गेली, कारण हात मातीचे होते.

रविवार, २० जुलै

नऊ वाचली. चोवीसातली नऊ. पण नवी पानं आलीत, करवतीसारख्या कडांची, खालून रुपेरी, अगदी ठणठणीत. सासूबाई रोज सकाळी त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभ्या राहतात. हात लावत नाहीत. मी म्हटलं, लावा की. म्हणाल्या, "माझी शिक्षा मी ठरवलीय, तुम्ही मध्ये पडू नका." आणि मग हळूच एका पानाच्या टोकाला बोट लावलंच.

मंगळवार, १९ ऑगस्ट

माळीणबाईंचा फोन. रोपघरात माणूस हवाय, आठवड्याचे चार दिवस. दुर्मिळ झुडपांचं बी पेरणं, रोपं सुटी करणं. "तुमच्या सासूबाई सांगत होत्या की तुम्हाला सध्या सवड आहे."

त्या दोघींची एवढी ओळख आहे हे मला ठाऊक नव्हतं. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "ओळख कसली, प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली होती. अशीच फोनवर बोलत होतो, हवापाण्याबद्दल." योगायोगाची कमाल आहे! मी हो म्हटलं.

ही घरी आली तेव्हा मी सांगितलं. तिने पर्स खाली ठेवली, आधी माझ्याकडे आणि मग आईकडे बघितलं, आणि बराच वेळ चष्मा पुसत बसली.

शनिवार, ६ सप्टेंबर

कामाचा पहिला आठवडा झाला. काचेचं घर, लांब टेबलं, ओल्या वाळूचा वास. संध्याकाळी बूट काढताना त्यातून वाळू पडते.

आज सासूबाई म्हणाल्या, बाथरूम झालं, आता निघते.

मला इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. म्हटलं, आमचं काही चुकलं का? गॅलरी आहे, रोपं आहेत, राहा की कायमच्या.

"मला माझं घर आहे हो," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्यात राहून राहून मला सारखं काही ना काही दुखायला लागलंय."

रविवार, १४ सप्टेंबर

सासूबाईंना त्यांच्या घरी सोडून आलो. ही पण होती. बँक्सियाचं सगळ्यात सशक्त रोप मी मांडीवर घेऊन बसलो होतो, वाटेत कुठे हिसका बसू नये म्हणून.

बाथरूम बघितलं. गवंड्याने काम इतकं बेमालूम केलंय की नवं कोणतं आणि जुनं कोणतं ते ओळखूच येत नाही. कोपऱ्यातली फुटकी फरशीसुद्धा तशीच ठेवलीय. तसं बोललो तर ही घाईघाईने बाहेर निघून गेली.

मग कुदळ घेऊन अंगणात गेलो. फाटकाशेजारी कुंपणाच्या भिंतीलगत ऊन चांगलं येतं, माती मुरमाड आहे, पाणी साचत नाही. गुलाबांपासून लांब. सासूबाईंनी स्वतःच म्हटलं, "गुलाबांपासून लांब." मी गुडघाभर खड्डा खणला, रोप कुंडीतून काढलं, मुळं बघितली. पांढरी, दाट, निरोगी जावळं. त्यांनीही वाकून बघितली.

"फूल कधी येतं याला?" त्यांनी विचारलं.

मला सांगायचं नव्हतं. शहात्तर वर्षांच्या माणसाला असं कसं सांगायचं? पण त्या बीजपरीक्षक आहेत, त्यांना आकडे लागतात.

"बियांपासून केलेल्याला पाच वर्षं," मी म्हटलं. "कधी सात."

त्यांनी रोपाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. मग भिंतीपासून पावलं मोजत अंगणात आल्या आणि चपलेच्या टोकाने मातीवर एक खूण केली.

"मग तिथे नको, इथे लावा," त्या म्हणाल्या. "पुरुषभर उंच होतं ते, आणि तेवढंच पसरतं. भिंतीला खेटून अडचण व्हायची त्याची."

मी रोप सावलीत ठेवलं, पहिला खड्डा बुजवला, आणि त्यांनी दाखवलेल्या जागी दुसरा खणायला घेतला.